अंगठा, संमतीपत्र आणि रानातले ज्ञान

(माजिवडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माजिवड्याच्या नाक्यावर आज एका अंगाने नाशिककडे जाणारा महामार्ग आणि दुसऱ्या अंगाने घोडबंदर रस्ता यांची अखंड वर्दळ आहे. ज्या गावाचे नाव या नाक्याला मिळाले ते गावठाण त्या वर्दळीत शोधून काढावे लागते. पण इमारतींच्या फटीतून पश्चिमेकडे पाहिले तर येऊरचे डोंगर अजूनही दिसतात. त्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत, आणि डोंगर उतरून खाडीच्या बाजूस गेले की कोळी-आगरी वस्त्या आहेत. या वस्त्यांकडे गेल्या काही दशकांत दोन प्रकारची माणसे सातत्याने येत राहिली. एक, जमीन मागणारी. दुसरी, माहिती मागणारी. पहिल्या प्रकारच्या माणसाशी कसे वागायचे हे चळवळीला ठाऊक आहे. त्यासाठी मोर्चे आहेत, न्यायालये आहेत, पन्नास-साठ वर्षांचा अनुभव आहे. दुसऱ्या प्रकारचा माणूस मात्र सुशिक्षित, नम्र आणि बहुधा पर्यावरणाचा कैवारी असतो. त्याला पाड्यावर घेऊन जाणारा पुष्कळदा चळवळीचाच कार्यकर्ता असतो. म्हणून या दुसऱ्या पाहुण्याचा विचार अधिक काळजीपूर्वक करणे भाग आहे.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. संशोधनाला विरोध करणे हा येथे हेतू नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याभोवती लाखो माणसांची वस्ती आहे. येथे २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साह्याने केलेल्या गणनेत ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७ आणि २०२४ मध्ये ५४. या अभ्यासांमुळे बिबट्याविषयीची भीती कमी झाली आणि त्याला पकडून दुसरीकडे सोडण्याने संकट वाढते हे शासकीय यंत्रणेला पटू लागले. २०२१ मध्ये वाघोबा या दैवतासंबंधीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने अभ्यासकांनी नोंदवली, आणि वारली समाज हिंस्र श्वापदाबरोबर एकाच भूमीत कोणत्या श्रद्धेने आणि कोणत्या व्यवहारशहाणपणाने राहत आला हे जगापुढे मांडले. आदिवासी म्हणजे जंगलाचा शत्रू, असे म्हणणाऱ्या वन खात्याच्या जुन्या वृत्तीला त्याने परस्पर उत्तर मिळाले. असे काम व्हावयास हवे. प्रश्न आहे तो ज्यांच्या जिभेवरचे आणि पायाखालचे ज्ञान या कामात खर्ची पडते त्यांचा त्यावर काय हक्क, हा.

या प्रश्नाला ठाणे जिल्ह्यात एक इतिहास आहे. जानेवारी १९४५ मध्ये येथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव भागातले काही वारली आले होते. त्याच वर्षी २३ मे रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव उभा राहिला. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी माणूस आपल्या बायकोसह जन्मभर राबे, त्याला लग्नगडी म्हणत. या गुलामीचा कागदोपत्री आधार काय होता? वारल्याचा अंगठा. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कळत नसे. अंगठा घेणाऱ्याला पूर्ण कळत असे. गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी लढाई केली ती जमिनीची आणि मजुरीची होतीच, पण न समजलेल्या कागदाला बांधील नसण्याचीही होती.

आजच्या संशोधन प्रकल्पातही एक कागद असतो. त्याला संमतीपत्र म्हणतात. तो इंग्रजीत तयार होतो, मराठीत भाषांतरित होतो आणि वारली, ठाकूर किंवा कातकरी माणसाला तोंडी, घाईघाईत समजावला जातो. खाली सही, नाही तर अंगठा. तो कागद विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीसाठी असतो. त्याची प्रत पाड्यावर क्वचितच राहते. सावकार आणि संशोधक यांना एका मापाने मोजणे अर्थातच अन्यायाचे होईल. पण कागदाची रीत मात्र फारशी बदललेली नाही.

ही गोष्ट अपरिहार्य आहे असेही नाही. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर हेन्द्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. त्याचा पहिला खंड १६७८ चा. व्हान रेडे हा वसाहतवादी व्यापारी कंपनीचा अधिकारी होता आणि त्याचे हेतू काही परोपकारी नव्हते. तरीही वनस्पतींची माहिती देणारा इट्टी अच्युतन हा एळवा जातीचा वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण यांची नावे त्या ग्रंथात आहेत. त्यांची निवेदने त्यांच्या स्वतःच्या लिपीत छापलेली आहेत. साडेतीनशे वर्षांनंतरच्या अहवालांत माहिती देणाऱ्याचा उल्लेख ‘स्थानिक लोकांच्या सांगण्यानुसार’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतो. प्रगती म्हणावी ती हीच काय?

नाव गाळले तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण पुरेसे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे दलित समाजातले, दीड एकराचे धनी, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी खुडून जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांच्या या निवडीतून बारीक, चवदार आणि भरघोस उतारा देणारे वाण हाती आले. व्यापाऱ्यांनी त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव दिले, आणि ते वाण विदर्भाबाहेर कितीतरी राज्यांत पोचले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने प्रयोगासाठी म्हणून त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केले. वाणाचे शुद्धीकरण व सुधारणा आपण केली, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. खोब्रागडे यांचे म्हणणे असे की, मूळ वाण आपले आणि नाव मात्र कोठेच नाही. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, वर्तमानपत्रांतून नाव झाले. पण ज्या वाणावर बाजाराने अमाप पैसा कमावला त्याच्या जनकाचे अखेरचे दिवस आर्थिक ओढगस्तीत गेले. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले, तेव्हा उपचाराच्या खर्चासाठी लोकांना मदतीची आवाहने करावी लागली होती.

या प्रकरणात चोरी झाली असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. पाच किलो बियाणे खोब्रागडे यांनी स्वखुशीने दिले होते. शेतकऱ्याने शेतकऱ्याला बी द्यावे, मागणाऱ्याला नाही म्हणू नये, हा त्यांच्या जगाचा नियम. घेणाऱ्याच्या जगाचा नियम वेगळा होता: तेथे वस्तूला चाचणी, नोंदणी, प्रसारण आणि श्रेय लागते, आणि ज्याच्याकडे प्रयोगशाळा त्याचे श्रेय. देवघेव दोन नियमव्यवस्थांमध्ये झाली, आणि कोणत्या नियमाने ती चालेल हे बलवानाने ठरवले. रानातल्या माहितीच्या बाबतीत रोज हेच घडते. पाड्यावरची म्हातारी एखादी मुळी दाखवते ती पाहुण्याला दाखवायची म्हणून. पाहुण्याच्या वहीत ती मुळी ‘आधारसामग्री’ होते, वहीतून संगणकात जाते, संगणकातून जगातल्या कोणाच्याही हाती पडते. म्हातारीने पाहुण्याला दिले होते, जगाला नव्हे.

यावर कायदे नाहीत असे नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले, तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. देशाला अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा सांख्यिक कोश उभारण्यास प्रारंभ झाला. पण या कोशात उतरले ते मुख्यत्वे संस्कृत, अरबी, फार्सी, तमिळ ग्रंथांतले ज्ञान. वॉशिंग्टनमध्ये हळद वाचवण्यासाठी पोथी पुरावा म्हणून उपयोगी पडली; ज्याची पोथी नाही त्या कातकऱ्याचे काय? २००२ चा जैविक विविधता कायदा त्याच्यासाठी होता. पण २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटणीच्या बंधनातून सूट मिळाली. गुन्ह्यांवरची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तेथे दंड आला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात भारतीय कंपन्यांनीही स्थानिक समाजांना लाभाचा वाटा दिला पाहिजे असा निर्णय दिला होता. पाच वर्षांच्या आत संसदेने त्या निर्णयाची धार बोथट केली. ग्रंथातले ज्ञान ग्रंथात आले कोठून? औषधी वनस्पतीचे नाव सांगणारा कोणीतरी गुराखी, कोणीतरी वनवासी त्या ग्रंथाच्या आधी होताच. त्याचे नाव ग्रंथात आले नाही, एवढ्याच कारणाने आज त्याचा वाटाही गेला.

याच कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्या हाती लोकजैवविविधता नोंदवही अशी योजना केली. नोंदवहीची कल्पना प्रा. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात फुलवली. गावाने आपल्या नद्या, रान, पिके, पाखरे, औषधी आणि त्यांच्यात झालेले बदल स्वतः लिहावेत, आणि त्या लिखाणाच्या बळावर आपल्या परिसराचा कारभार मागावा, असा तिचा गाभा होता. लोकशाहीचे शिक्षणच ते. प्रत्यक्षात काय झाले? कायदा झाल्यावर कित्येक वर्षे राज्यांनी काही केले नाही. २०१६ मध्ये साऱ्या देशात चौदाशेच्या आसपासच नोंदवह्या होत्या. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकारपणा करणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरपाईचा बडगा दाखवला. त्याबरोबर नोंदवह्यांची संख्या नव्वद हजारांच्या पुढे गेली! ज्या कामाला गावातल्या माणसांबरोबर दोन-तीन ऋतू बसावे लागते ते टेबलाजवळ बसून उरकले गेले. एका गावची यादी दुसऱ्या गावच्या नावाने उतरल्याच्या तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या. न्यायाधिकरणाचा हेतू चांगलाच होता. पण दंडाच्या भीतीने लिहिलेली वही लोकांची होत नाही.

ठाण्यासारख्या शहरात तर याहून अवघड पेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात वनवासी समाजांना जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. पाचव्या कलमाने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीच्या वापराचे नियमन करण्याचे अधिकार दिले आहेत. पण हा सारा डोलारा ग्रामसभेवर उभा आहे, आणि महानगरपालिकेच्या हद्दीतल्या पाड्याला ग्रामसभा नाही. प्रभाग आहे, नगरसेवक आहे. शहापूर-मुरबाडकडे आदिवासी गावाला जे अधिकारपीठ मिळते ते येऊरच्या पाड्याला मिळत नाही. उरते ती महानगरपालिकेची जैवविविधता समिती. २००४ च्या नियमांनी तिच्यात अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य ठेवले, आणि अनुसूचित जाती व जमाती मिळून किमान अठरा टक्के प्रतिनिधित्व सांगितले. सहांचे अठरा टक्के म्हणजे एक माणूस आणि वर किंचित. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर वस्ती असलेल्या शहरात त्या एका माणसाने येऊरच्या रानाच्या आणि खाडीच्या ज्ञानाचे रक्षण करायचे होते.

आता एक आक्षेप घ्यायला हवा, कारण तो समाजवाद्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्ञान ही सर्वांची संपत्ती, पेटंट हा भांडवलशाहीचा अड्डा, असे म्हणत आलेल्या चळवळीने आता एखाद्या समाजाच्या ज्ञानाला कुंपण घालण्याची भाषा का बोलावी? आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही. परंतु गायरान सामाईक असते म्हणजे ते बेवारस असते असे नाही. कोणाची किती गुरे, कोणत्या महिन्यात, याचे नियम गाव ठरवते. बेवारस आणि सामाईक यांत फरक न करणाऱ्यांनीच गायराने गिळली. माहितीच्या क्षेत्रात २०१६ पासून असा आग्रह वाढला की, संशोधनाची आधारसामग्री सर्वांना सापडावी, मिळावी आणि पुन्हा वापरता यावी. विज्ञानाच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण ज्याच्याकडे संगणक, भांडवल आणि वकील आहे त्यालाच खुल्या दाराचा उपयोग होतो. म्हणूनच २०१९ मध्ये जगभरच्या आदिवासी समाजांच्या प्रतिनिधींनी त्याला जोड दिली: लाभ समूहाचा, नियंत्रणाचा अधिकार समूहाचा, आणि वापरणाऱ्यावर जबाबदारी व नैतिकता यांचे बंधन. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याला समूह ठाऊकच नाही. त्याला फक्त व्यक्ती दिसते. वाघोबाचे स्थान कोणा एकाची व्यक्तिगत माहिती नाही, म्हणून त्या कायद्याच्या दृष्टीने ती कोणाचीच नाही.

समूहाचा अधिकार न मानल्याने काय होते याचा दाखला अमेरिकेत सापडतो. अॅरिझोनातील हवासुपाई जमातीने १९९० पासून तेथल्या विद्यापीठाला रक्त दिले, ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून. त्याच रक्तावर पुढे मनोविकार, नात्यातले विवाह आणि जमातीचे मूळ स्थलांतर यांचे अभ्यास झाले. आपण या दरीतच जन्मलो, असे मानणाऱ्या लोकांना आपल्याच रक्ताने आपल्याविरुद्ध साक्ष दिल्याचे वाचावे लागले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला लागू होत नाही, हे इतके उशिरा मान्य झाले.

आपल्या देशात सद्‌हेतूने केलेला प्रयोगही किती गुंतागुंतीचा ठरतो ते केरळच्या काणी जमातीच्या प्रकरणात दिसले. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतात हिंडणाऱ्या शास्त्रज्ञांनी पाहिले की, वाटाडे काणी तरुण एका वनस्पतीची फळे खातात आणि थकत नाहीत. आरोग्यपच्च असे तिचे नाव. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, त्याचा परवाना एका औषध कंपनीला दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधनावर मिळाला, आणि संशोधन संस्थेने निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. १९९७ मध्ये त्यासाठी विश्वस्त निधी नोंदला गेला. जगभर याचे कौतुक झाले. पण मूळ माहिती दिली होती दोन-तीन तरुणांनी. ज्यांच्याकडे परंपरेने हे ज्ञान राखायचे त्या प्लाथी वैद्यांपैकी काहींनी, आम्हांला विचारले कोणी, असा सवाल केला. शिवाय वनस्पतीची पाने गोळा करण्याला वन खात्याने हरकत घेतली. पैसा वाटण्याची सोय झाली, पण कोणाला विचारायचे हा प्रश्न पैशाच्या आधीचा होता.

याला अपवाद म्हणून गडचिरोलीतल्या मेंढा गावाकडे पाहावे. लेखा गावाशेजारचे हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला परिचित आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी निगडित असलेल्या या प्रयोगात ग्रामसभेइतकेच महत्त्व अभ्यासगटाला होते. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शके, बोलू शके, वाद घालू शके. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. म्हणजे ज्ञानाची देवघेव खुली, सत्ता मात्र गावाची. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हा हक्क मिळवण्यात गावाने स्वतः केलेला आपल्या रानाचा अभ्यास उपयोगी पडला. माहिती गोळा करणे घातक आहे असा सूर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपली माहिती आपल्या हाती असली तर ती दाव्याला पुरावा होते. दुसऱ्याच्या हाती गेली तर हीच माहिती हुसकावण्याच्या नोटिशीलाही जोडता येते: अमुक पाड्यावरची माणसे रानातून इतकी मोळ्या लाकूड, इतके कंद काढतात, असे कोष्टक कोणाच्या टेबलावर पोचते त्यावर सारे अवलंबून असते.

आणि हे केवळ कंदांपुरते नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत रानात सरपण-गवताला जाणाऱ्या बायका टिपल्या गेल्या. प्रातर्विधीला बसलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र गावच्या समाजमाध्यमांवर फिरले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधक त्रिशांत सिमलाई यांचा हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रान ही त्या बायकांची घराच्या दडपणातून सुटण्याची, गाण्याची, एकमेकींशी मोकळेपणे बोलण्याची जागा. कॅमेऱ्याच्या भीतीने त्या तेथे गप्प झाल्या. वाघ पाहण्यासाठी लावलेला डोळा बाईला पाहतो, तेव्हा ते चित्र पुसण्याचा हुकूम कोण देणार? येऊरच्या रानातही कॅमेरे लागतात आणि येऊरच्या बायकाही रानात जातात.

बायकांचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट. पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे घेऊन बसतात. शेवळे नुसते शिजवून खाल्ले तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यांच्याबरोबर काकडाची फळे देतात, त्या आंबटाने खाज मरते. हे सांगणारी बाई. शेवळे कोणत्या उतारावर, कोणत्या पावसानंतर उगवतात आणि किती खुडायची, किती राखायची, हेही तिलाच ठाऊक. पण पाड्याच्या वतीने पाहुण्याशी बोलायला पुढे होतो तो पुरुष, आणि सही त्याचीच लागते. समूहाची संमती म्हणताना समूहातले कोण, हा प्रश्न टाळून चालणार नाही. पाडा म्हणजे एकजिनसी, निष्पाप गोतावळा अशी कल्पना शहरातल्या माणसाला आवडते. तेथेही भगत आहे, त्याची गुप्त विद्या आहे, तरुणांची तिच्याविषयीची नाराजी आहे, दोन कुळांची भांडणे आहेत. संशोधकाने एका गटाला हाताशी धरून काम उरकले तर तो जाताना भांडण मागे ठेवून जातो.

मग कार्यकर्त्याने करावे काय? पाहुण्याला पाड्यावर नेण्याआधी त्याला दोन हेलपाटे घालायला लावावेत. पहिल्या खेपेस त्याने फक्त सांगावे: काय हवे आहे, पैसा कोणाचा, लेख कोठे छापणार, वही कोठे राहणार, आणि हे काम झाल्यावर दुसऱ्या कोणाला ती देणार काय. मग त्याने निघून जावे. पाड्याने आपापसांत, पाहुण्याच्या आणि कार्यकर्त्याच्याही गैरहजेरीत, बसून बोलावे. बायकांनी वेगळे बसावेसे वाटले तर वेगळे. उत्तर दुसऱ्या खेपेस. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही उत्तरच आहे, आणि ते बदलण्यासाठी कार्यकर्त्याने आपली भीड खर्च करू नये. येथेच बहुतेक कार्यकर्ते घसरतात, कारण पाहुण्यामार्फत पाड्याला नळ, सौरदिवा, आरोग्य शिबिर मिळण्याची आशा असते. ती आशा खोटी नसते. पण नळ हा नागरिकाचा हक्क आहे. त्याची किंमत मुळ्यांच्या नावांनी चुकवण्याचे कारण नाही.

काही गोष्टी लिहायच्याच नाहीत, हेही आधी ठरावे. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा, देवाचे स्थान, भगताची विद्या, प्रसूतीसंबंधीचे उपचार यांपैकी काय उघडे आणि काय झाकले हे पाडा सांगेल. पश्चिम घाटात एखाद्या औषधीचा भाव वाढला की ती मुळासकट उपटली जाते, हा अनुभव आहे. नकाशावर उमटलेला ठिपका व्यापाऱ्याला वाटाड्याची मजुरी वाचवून देतो. जे उघडे करायचे ते सांगणाऱ्याच्या नावानिशी, त्याची इच्छा असेल तर. वाटाड्या म्हणून, दुभाषा म्हणून हिंडणाऱ्या तरुणाला सहाय्यक संशोधकाची मजुरी आणि लेखात नाव मिळावे. चार दिवसांचा रोज देऊन त्याचे आयुष्यभराचे पाठ उतरवून घेणे हे शोषणच आहे, मग ते कितीही हिरव्या रंगाचे असो.

परतफेडीविषयीही स्पष्टता हवी. इंग्रजी नियतकालिकातला लेख पाड्याला परत दिला असे म्हणणे ही थट्टा आहे. काम संपल्यावर संशोधकाने पाड्यावर येऊन, पाड्याच्या बोलीत, काय सापडले ते वाचून दाखवावे. चुकले असेल तेथे पाड्याने दुरुस्त करावे. मगच ते छापावे. दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता तयार केली, ती याच अनुभवातून. त्यांच्या हूडिया वनस्पतीच्या ज्ञानावर पेटंट आधी घेतले गेले आणि वाट्याचा करार २००३ मध्ये, मागाहून, झाला होता. ठाणे-पालघरमधील आदिवासी संघटनांना असा मसुदा करणे अशक्य नाही. याच भागात सत्तरच्या दशकात भूमिसेनेच्या चळवळीचा अभ्यास करायला आलेल्या अनिसुर रहमान आदी अभ्यासकांनी लोकांना अभ्यासाचा विषय न मानता सहअभ्यासक मानण्याचा मार्ग धरला होता. १९७९ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तेव्हा जे सुचले ते आज सुचेनासे व्हावे, हे आश्चर्यच.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २०२४ मध्ये कालीच्या परिषदेत असा निधी स्थापण्याचे ठरले की, सजीवांच्या जनुकीय माहितीवर नफा मिळवणाऱ्या कंपन्यांनी त्यात वाटा घालावा आणि त्यातील निदान निम्मा पैसा मूळनिवासी व स्थानिक समाजांकडे जावा. वाटा घालणे ऐच्छिक आहे, तेव्हा फार हुरळून जाण्याचे कारण नाही. तो पैसा कधी काळी महाराष्ट्रात आला तर सरकार विचारील, हे ज्ञान कोणाचे, याची नोंद दाखवा. त्या दिवशी पाड्यापाशी स्वतःची वही असली पाहिजे.

म्हणून ठाण्यातल्या कार्यकर्त्यांपुढे ठोस काम आहे ते हे. महानगरपालिकेच्या जैवविविधता समितीत कोण सदस्य आहेत, तिची नोंदवही कोणी लिहिली, येऊरच्या आणि खाडीकाठच्या कोणाशी बोलून लिहिली, याची विचारणा माहितीच्या अधिकारात करावी. नोंदवहीची प्रत मिळाली की ती पाड्यावर मोठ्याने वाचावी. आणि पाड्यावरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना दोनशे पानी वही घेऊन द्यावी. त्यांनी आजीला विचारून लिहावे, आजी म्हणेल तेवढेच, आणि वही रात्री आजीच्याच पेटीत ठेवावी.